घोडी उभीच राहिली

मी भांडखोर आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. हा गुण माझ्यात आईकडून आला असं वडील म्हणायचे आणि वडिलांकडून आला असं आई म्हणायची. दोघांचंही खरं असावं. या एका गुणावर मी मळवलीच्या भातखाचरांतून निघून घोड्यांची सर्जन झाले, प्राध्यापक झाले आणि एक अख्खा विषय अभ्यासक्रमात घुसवला. विषय साधा आहे: घोड्याला आडवं न पाडता, उभ्यानेच त्याचं ऑपरेशन करणं. साधा म्हणते खरी, पण त्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि शेवटी तो मंजूर झाला तो माझ्या हुशारीमुळे की लोणावळ्यातल्या एका गल्लीतल्या बायकांच्या पुरणपोळ्यांमुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वडील मळवलीत मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला सांभाळायचे. बंगलेवाल्यांनी मुलांसाठी एक तपकिरी घोडा ठेवला होता. ते लोक शनिवार-रविवारी यायचे, त्यामुळे उरलेला आठवडा घोडा आमचाच. शाळेतून आले की मी त्याच्या गव्हाणीवर बसून भाकरी खायचे आणि तो उभ्याउभ्या डुलक्या काढायचा. एकदा त्याच्या मानेवर गाठ आली. मुंबईहून डॉक्टर आले, त्यांनी चारही पाय बांधून त्याला हिरवळीवर पाडलं, भूल दिली, गाठ काढली. काम अगदी स्वच्छ झालं. पण भूल उतरताना घोडा धडपडत उठू लागला, पडला, परत उठू लागला, आणि त्याचा मागचा पाय मोडला. संध्याकाळी तो जाईपर्यंत वडील त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून होते.

मला दुःख झालंच, पण त्याहून जास्त राग आला. गाठ मानेवर होती, मग त्याला पाडलं कशाला? मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बाळ, घोड्याचं असंच असतं." आजही कुणी 'असंच असतं' म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं, हे पुढे शिकताना कळलं. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. डोळे उघडले आणि आपण आडवे आहोत असं दिसलं की त्याला एकच सुचतं, उठायचं आणि पळायचं. पाय अजून झोपेत असतात, अंगाचं वजन मात्र जागं झालेलं असतं. म्हणून घोड्याच्या सर्जनचं काम शेवटच्या टाक्याला संपत नाही. घोडा धड उठून उभा राहिला की मग संपतं. काही ऑपरेशनांना त्याला झोपवावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण कितीतरी अशी असतात, की गुंगीचं औषध देऊन, तेवढीच जागा बधिर करून, उभ्यानेच करता येतात. जो पडलाच नाही त्याला उठवायची काळजी नको. एवढंच माझं म्हणणं.

पण म्हणणारी कोण, यावर बरंच अवलंबून असतं. पशुवैद्यकीय कॉलेजात मी घोड्यांची शस्त्रक्रिया हा विषय निवडला, तेव्हा एका प्राध्यापकांनी मला कुत्र्यामांजरांकडे वळायचा प्रेमळ सल्ला दिला. मुलींना घोडा आवरत नाही म्हणे. मी म्हटलं, "सर, घोडा कुणालाच आवरत नाही. पुरुषांना ते उशिरा कळतं एवढंच." त्या सत्रात मला गुण कमी पडले. पीएचडी मी उभ्या घोड्याच्या ऑपरेशनांवरच केली. माझ्या पहिल्या परिषदेत माझं पोस्टर स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी लावलं होतं. मी ते सोडून हललेच नाही. दिवसभरात सगळ्या परिषदेला एकदा तरी तिकडे यावंच लागलं, आणि आत जाणारा प्रत्येक जण येताजाता माझं संशोधन वाचून गेला. इतके वाचक पुढे मला कुठल्याच शोधनिबंधाला मिळाले नाहीत.

मग नोकरी लागली ती आमच्या मावळातच. कॉलेजचं घोड्यांचं रुग्णालय उर्स्याच्या टोलनाक्यावरून आत गेलं की भातशेतीच्या मध्ये आहे. तिथे सहायक, सहयोगी अशा एकेक पायऱ्या चढत असताना मी माझा विषय दोनदा अभ्यास मंडळापुढे ठेवला. दोनदा नाकारला गेला. मंडळात एक निवृत्त सर्जन होते, पांढऱ्या मिशांचे, माइकशिवाय सभा गाजवणारे. पहिल्यांदा ते म्हणाले, विषयाला खोली नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "बाई, घोडा म्हणजे शेळी नव्हे, उभ्याउभ्या धार काढायला." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन दोन तास भांडी घासली.

आमचे विभागप्रमुख मात्र माणूस चांगला. त्यांचा दोष एकच, यंत्रांवर जीव. त्यांनी बरीच वर्षं मागे लागून घोड्यांसाठी एक मोठं टेबल मिळवलं होतं. बटण दाबलं की वर जाणारं, खाली येणारं, कुशीवर वळणारं. त्याचं उद्घाटन जंगी व्हावं म्हणून त्यांनी परिषद ठरवली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दूरदूरचे सर्जन, आमचं सगळं अभ्यास मंडळ, आणि सर्वांसमोर टेबलावर पहिलं ऑपरेशन. ते करायचं होतं मी. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाची बैठक होती आणि तीत माझा विषय तिसऱ्यांदा यायचा होता. तिसऱ्यांदा नाकारलेला विषय पुन्हा मांडता येत नाही, असा आमच्याकडचा नियम. म्हणजे आदल्या दिवशी मी माझ्याच हातांनी टेबलाचे गुण गायचे, आणि दुसऱ्या दिवशी टेबल नको म्हणून भांडायचं. मी सरांशी तासभर वाद घातला. हरले. त्यांनी पेशंटसुद्धा ठरवून टाकला होता, आणि तो माझाच होता.

पेशंट म्हणजे लोणावळ्याच्या एका पॉइंटवर पर्यटकांना फिरवणारी पांढरी घोडी. दर आठवड्याला मी तिकडे घोडे तपासायला जायचे, तेव्हापासूनची ओळख. तिची मालकीण एक मावशी, ठेंगणी, कमरेला पदर खोचलेली, आवाज दरीच्या पलीकडे जाईल असा. घोडीला नाव नव्हतं असं नाही, पण गिऱ्हाईक बघून मावशी ते बदलायची. कॉलेजची पोरं आली तर एखाद्या नटीचं, म्हातारं जोडपं आलं तर लक्ष्मी. एक गोष्ट मात्र कधी बदलायची नाही. पर्यटक पाठीवर बसला आणि त्याच्या माणसांनी मोबाइल वर केला, की मावशी ओरडायची, "फोटू!" आणि घोडी चारही पाय रोवून, मान सरळ धरून, पुतळ्यासारखी उभी राहायची. पोरं कान ओढोत, बायका किंचाळोत, ती हलायची नाही. मावशीने लगाम झटकला की मगच पुतळ्यात जीव यायचा.

त्या घोडीच्या एका नाकपुडीतून पू येऊ लागला होता. वरच्या दाढेचं मूळ कुजलं होतं आणि गालाच्या हाडामागच्या पोकळीत घाण साठली होती. वास असा, की लोक लांबूनच दुसरा घोडा निवडायचे. "तोंडाला रुमाल लावत्यात बाई," मावशी मला म्हणाली, "म्या न्हाऊ घालून आनली तरी लावत्यात. तिला कळतंय समदं. मान खाली घालून हुबी ऱ्हाती." तेव्हा मी तिला शब्द दिला होता, दाढ काढून देईन.

भूल द्यायची तर घोडीचं पोट रिकामं हवं. दसऱ्याच्या सकाळी मी मावशीच्या गल्लीत गेले, दुपारनंतर दाणा-वैरण काही द्यायचं नाही असं बजावलं. घोड्याला उलटी करता येत नाही, भरल्या पोटी आडवं झोपवलं तर पोट फुटूसुद्धा शकतं, हेही सांगितलं. शिवाय एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'हिला काही खायला देऊ नये' असं लिहून तो तिच्या गळ्यात बांधला. मग मी मळवलीला गेले. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईबरोबर पांढरी साडी नेसून विहारात गेले, वंदना झाली, खीर खाल्ली. तिकडे घोडी उपाशी असेल म्हणून खीर नीट गोड लागली नाही. किती मूर्ख होते मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. आधी मावशी उतरली, मग तिच्या गल्लीतल्या तीन शेजारणी, कारण ऑपरेशनला माणूस एकटं जात नाही. मग घोडी. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळाच माळा. माझा पुठ्ठा त्या माळांखाली कुठेतरी गेला होता. मी तिचं तोंड उघडून बघितलं तर गालात पुरण.

"मावशी!"

"उपाशीच हाय वो," मावशी म्हणाली. "दसऱ्याचा निवद तेवढा दिला. एकच घास."

"म्या बी एकच दिला," पहिली शेजारीण म्हणाली.

"आन् म्या. पोळीचा तुकडा. सनाला जनावराला न देता आपुन कसं खायाचं?"

तिसरी घोडीच्या माळा नीट करू लागली. मी तिच्याकडे बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, "माझा बी एकच हुता. पर गल्लीत समद्यांनीच एकेक दिला. ऑपरेशनला जानार म्हून खालच्या आळीच्या बी आल्त्या. कुनी जिलेबी आनली, कुनी हरभरं."

खरं सांगते, एकीचीही चूक नव्हती. प्रत्येकीने माझं ऐकलं होतं, म्हणूनच तर फक्त एकच घास दिला होता. घोडीचं पोट नगाऱ्यासारखं लागत होतं आणि तोंडावर सणाचं समाधान होतं.

मी सरांकडे गेले. आत टेबलालाही झेंडूची माळ होती, समोर नारळ होता. सरांनी घोडीचं पोट स्वतः तपासलं आणि खुर्चीत बसले. झोपवता येणार नाही हे त्यांनाही कळत होतं. "रद्द करू," ते म्हणाले. "पाहुण्यांना जेवण देऊ आणि सांगू."

"रद्द कशाला? मी उभ्यानेच करते."

"मॅडम, हा तमाशा नाही."

"सर, तमाशा तर होणारच आहे. घोडी सजून आलीय."

आवाज वाढला असावा, कारण पांढऱ्या मिशांचे सर्जन दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "करा. बघू तरी ही शेळी. पण एक लक्षात ठेवा बाई, घोडी हलली आणि काम अर्धं राहिलं, तर उद्या तुमच्या विषयाचं नाव काढू नका."

मी "बरं" म्हटलं. समजा हरले तर? विषय गेला, आणि मी गेले तरी पुढची कितीतरी वर्षं मानेवरच्या गाठीसाठी घोडे पाडले जाणार. त्या क्षणी मला मंडळ दिसत नव्हतं. बंगल्याच्या हिरवळीवर बसलेले वडील दिसत होते.

घोडीला चार खांबांच्या चौकटीत उभं केलं, तोंड धुऊन घेतलं, शिरेतून गुंगीचं औषध दिलं. तिची मान हळूहळू खाली आली आणि गादी घातलेल्या उंच स्टुलावर टेकली. कानांत कापूस, डोळ्यांवर फडकं. डोळ्याखालची नस बधिर केली, सुई टोचून खात्री केली. पाहुणे काचेपलीकडे उभे राहिले. मावशीला मी घोडीच्या मानेशी उभं केलं होतं, ओळखीचा हात हवा म्हणून. तिचा दुसरा हात कमरेकडे जाताना दिसला.

"मावशी, पदरात काय आहे?"

"जिलेबी. झाल्यावर द्यायाला."

"ती बाहेर ठेवा."

काचेपलीकडे कुणीतरी हसलं. मी कातडी उघडली, गालाच्या हाडाला खिडकी पाडली. आतली घाण बाहेर आली तेव्हा मागे हटला नाही असा एकच जीव होता, घोडी. उभ्या घोडीचं डोकं हृदयाच्या वरच असतं, त्यामुळे रक्त थोडं. समोरचं स्वच्छ दिसत होतं. दाढेचं मूळ सापडलं. चिमट्यात धरलं, हलवू लागले. दाढ सुटत आली होती, आणि तेवढ्यात शेजारच्या हॉलमधून माइकने अशी किंचाळी फोडली, की माझ्या साहाय्यकाच्या हातचा ट्रे खाली पडला. कुणीतरी चहा तयार असल्याची घोषणा करत होतं.

घोडीचे कान ताठ झाले. मागचा एक पाय उचलला गेला, अंग एका बाजूला कललं. माझा हात तिच्या गालाच्या हाडात होता. तिने मान वर घेतली असती तर हाड फुटलं असतं, कदाचित माझा हातही. औषध वाढवायला वेळ नव्हता. काचेपलीकडे पांढऱ्या मिशा पुढे सरकल्या.

आणि मावशी दरीपलीकडे जाईल अशा आवाजात ओरडली, "ए, फोटू!"

घोडीने उचललेला पाय खाली ठेवला. चारही पाय रोवले. कानांत कापूस, डोळ्यांवर पट्टी, अंगात गुंगी, तरी ती पॉइंटवर उभी राहायची तशी उभी राहिली. उभं राहण्यावरच तर ती आजवर जगली होती. मी श्वास सोडला, चिमटा घट्ट केला, आणि दाढ हातात आली. काळी, अक्रोडाएवढ्या मुळाची, वास मारणारी दाढ. मी ती काचेसमोर धरली. धरायला नको होती, शिष्टाचार नव्हे. पण धरली, आणि चांगली सर्वांना दिसेपर्यंत धरली.

पोकळी धुतली, हाडाची खिडकी बंद केली, टाके घातले. गुंगी उतरेपर्यंत थांबलो. मग मावशीने लगाम झटकला आणि घोडी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर निघाली, माळ घातलेल्या टेबलाच्या शेजारून. तिने जाताजाता टेबलावरच्या झेंडूला तोंड लावलं. सर ओरडणार होते, पण त्यांनाच हसू फुटलं. उठवायचा प्रश्नच आला नाही. ती पडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैठकीत माझा विषय आला तेव्हा मी भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते. मुद्दे पाठ होते, घसा शेकून आले होते. पण पांढऱ्या मिशांचे सर्जन आधीच बोलले. "मंजूर करून टाका," ते म्हणाले, "माझ्या उमेदीत हे मला कुणी शिकवलं असतं तर काही घोडे अजून मला आठवले नसते." सगळ्या मंडळाने हात वर केले, सरांनी सर्वांत आधी. माझं भांडण तसंच पोटात राहिलं.

पुढच्या वर्षी मी प्राध्यापक झाले. सरांचं टेबलही चांगलं चालतं. ज्या घोड्याला झोपवावंच लागतं, त्याच्यासाठी त्याच्यासारखं टेबल नाही, हे मी वर्गात स्वतः सांगते. माझा पहिला वर्ग मात्र मी लोणावळ्याच्या पॉइंटवर घेतला. पावसाळा सरून डोंगर कोरडे होऊ लागले होते. मुलं-मुली वह्या घेऊन उभी होती आणि पांढरी घोडी एका लहान मुलीला घेऊन फेऱ्या मारत होती. तोंडाला रुमाल कुणी लावला नव्हता. मुलीने तर तिच्या गालाला गाल लावला होता, जिथे माझा व्रण होता, बरोबर तिथेच.

वर्ग संपला तशी मावशीने मला, माझ्या विद्यार्थ्यांना आणि घोडीलाही गल्लीत नेलं. सगळ्या बायका दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. आईलाही त्यांनी मळवलीहून बोलावून घेतलं होतं. मग एकेक जण पुढे येऊ लागली.

"बाई, एकच घास."

"मावशी, पुरे आता."

"आमच्या घरचा राह्यला की वो. एकच."

पुरण, जिलेबी, शिरा, परत पुरण. नाही कुणाला म्हणणार? ज्या गावांत माझ्या आजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं, तिथल्या बायका आता माझ्या तोंडात घास भरवत होत्या, आणि कोपऱ्यात उभी असलेली माझी भांडखोर आई पदराने डोळे पुसत होती. माझे डोळे भरले, पोट तर कधीच भरलं होतं. कुठेतरी टेकावं, जमलं तर आडवंच व्हावं, असं वाटू लागलं. मी घोडीच्या मानेचा आधार घेतला. पुढे माझे विद्यार्थी मोबाइल वर करून उभे होते.

मावशीने एकदा घोडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"फोटू!"

आणि आम्ही दोघीही ताठ उभ्या राहिलो.